घरातल्या उष्णतेची साठवण : प्रस्तावना

चौसाळ्यात मे महिन्यातली दुपार कशीबशी निघते. लिंबाच्या सावलीत, देवळाच्या ओवरीत, दुकानाच्या ओट्यावर माणूस ती काढतो. खरा जाच सुरू होतो रात्री. दहा वाजलेले असतात, बालाघाटाच्या पठारावरून वारा वाहू लागलेला असतो, अंगणातली जमीन निवलेली असते, तरी स्लॅबच्या घरात पाऊल टाकले की डोक्यावरून धग उतरते. भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. पंखा सुरू केला की छताजवळची तापलेली हवा तो खाली ढकलतो. सूर्य बुडून तीन तास झाले, मग ही उष्णता येते कुठून? दिवसभर स्लॅबमध्ये आणि भिंतींत ती साठत गेली आणि आता घरातल्या माणसांवर ती रिकामी होते आहे.

म्हणजे उष्णतेची साठवण आपल्या प्रत्येक घरात आधीपासून आहे. ती आपण मागितली नव्हती, तिची वेळ आपण ठरवलेली नाही आणि तिचा माल नको तेव्हा नको त्या ठिकाणी उतरतो, एवढेच. हीच साठवण उलट दिशेने चालवली, रात्रीचा गारवा भिंतींत भरून ठेवला आणि तो दुपारी वापरला, तर त्याच दगडविटांच्या घरात दुपार सुसह्य होते. जगभरच्या अभियंत्यांनी त्यासाठी दगड, पाणी, बर्फ, मेण, क्षार, वाळू, जमीन असे नाना पदार्थ वापरून पाहिले आहेत. त्या पद्धती एकमेकींशेजारी ठेवून, बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यासारख्या गावात कोणती कुठे उपयोगी पडेल हे सांगणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. घर बांधायला काढलेले कुटुंब, गवंडी, डिप्लोमाचे विद्यार्थी, शाळा आणि दवाखान्याच्या इमारती मंजूर करणारे ग्रामपंचायत सदस्य हे त्याचे वाचक आहेत, असे धरून ते लिहिले आहे.

तुलना करताना बहुतेक तांत्रिक पुस्तके एकाच प्रश्नापासून सुरुवात करतात: एक किलो पदार्थात किती उष्णता मावते? प्रश्न योग्य आहे आणि त्याची उत्तरेही पक्की आहेत. दहावीच्या विज्ञानात आपण शिकलो की एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. शास्त्रीय एककात हा अप्रकट उष्मा किलोला ३३४ किलोज्यूल होतो. मेणाच्या वर्गातले पॅराफिन वितळताना किलोला सुमारे २०० किलोज्यूल घेते. पाणी वितळत-गोठत नसेल तर एका अंशाला ४.१८ किलोज्यूल घेते आणि आपला काळा दगड जेमतेम ०.८४. या आकड्यांवर निकाल लावायचा तर बर्फ पहिला, मेण दुसरे, दगड सगळ्यांत शेवटी. मला हा निकाल घातक वाटतो, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक भिंत सोडून यंत्राच्या मागे लागतात.

एका साध्या खोलीचा हिशेब करून पाहू. एक टनाचा एसी तासाभरात जेवढी उष्णता बाहेर काढतो, तेवढ्यासाठी ३८ किलो बर्फ वितळावा लागतो किंवा ६३ किलो पॅराफिन. पाणी पाच अंशांनी तापू दिले तर सुमारे ६०० लिटर लागेल. दगड तीन अंशांनी तापू दिला तर पाच टन. पाच टन ऐकायला भयंकर वाटते. पण दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीच्या विटेच्या भिंती घ्या, दार-खिडक्या वजा करा आणि भिंतीचा फक्त आतल्या बाजूचा चार इंचांचा थर धरा. एवढा थरच सहा टनांच्या वर भरतो. तो रात्रीत तीन अंशांनी निवला, तर दुसऱ्या दिवशी एक टनाचा एसी सव्वा तास चालवण्याइतकी उष्णता तो शोषून घेऊ शकतो. हा पदार्थ विकत आणायचा नाही. घर उभे राहिले तेव्हाच त्याचे पैसे देऊन झालेले आहेत.

आता त्याच खोलीचा स्लॅब पाहा. पाच इंची काँक्रीट, १२० चौरस फूट. पहाटेपासून दुपारपर्यंत तो सरासरी पंधरा अंशांनी तापला, आणि उघड्या राखाडी स्लॅबला वैशाखात ते काहीच अवघड नाही, तर त्यात साठलेली उष्णता बाहेर काढायला तोच एसी तीन तासांहून जास्त चालवावा लागेल. तिच्यातली काही वर आकाशाकडे जाते, उरलेली खाली. रात्री दहाची धग ती हीच.

म्हणून किती मावते याच्याइतकाच मोठा प्रश्न म्हणजे साठवण रिकामी कधी होते, आणि कुठे. हे सगळे पुस्तक याच एका प्रश्नाभोवती फिरते. जी साठवण रोज रात्री रिकामी होत नाही, ती दुसऱ्या दिवशी भरलेल्या पेवासारखी निरुपयोगी असते: नवे धान्य आले तरी ठेवायला जागा नाही.

जुन्या मराठवाडी घराने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचे जाड माळवद, मधोमध चौक, समोर ओसरी. मातीतून उष्णतेची लाट फार हळू सरकते. दहा सेंटिमीटर माती ओलांडायला तिला तीन तासांच्या आसपास लागतात. फूटभर मातीचे माळवद दुपारी एकला तापले, तर त्याची झळ खालच्या माणसापर्यंत रात्री दहा-अकरानंतर पोहोचते, तीही क्षीण होऊन. तोवर घरातली माणसे माळवदावर झोपायला गेलेली असत. भिंत दोन फुटांची असली की दिवसाची लाट आतल्या बाजूला जवळजवळ पोहोचतच नाही. त्या घरात दुपारी गारवा का असतो, याचे एवढेच कारण आहे आणि ते पूर्णपणे गणिती आहे. पेवातले धान्य टिकण्यामागेही हेच गणित होते. पुरेसे खोल गेले की रोजचे चढउतार संपतात. चार-पाच मीटरांवर तर ऋतूही जवळपास संपतात आणि तापमान वर्षाच्या सरासरीपाशी, आपल्याकडे सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास स्थिर राहते. आजही दुपारी म्हातारी माणसे सतरंजी बाजूला सारून उघड्या शहाबादी फरशीवर लवंडतात. फरशीखालची जमीन त्या वेळी त्यांची उष्णता घेत असते.

पण जुन्या घराचे गुणगान इथेच थांबवले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला आणि लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. त्यातली बहुतेक माणसे घरांखाली गेली. चिखलात रचलेल्या, आतल्या-बाहेरच्या दगडांची सांधेजोड नसलेल्या भिंती फुगून फुटल्या आणि वरचा शेकडो मण मातीचा भार खाली आला. दर काही वर्षांनी गळती थांबवायला माळवदावर नवी माती टाकायची, अशी पद्धत असल्याने तो भार पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला होता. जो थर दुपारी जीव निववत होता, त्यानेच जीव घेतला. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाची जी भीती बसली ती रास्त आहे आणि कुणी उन्हाळ्याचे कारण देऊन जाड मातीचे छत परत आणा असे सांगत असेल, तर त्याचे ऐकू नये.

मात्र त्या भीतीपोटी आपण दोन टोकांना गेलो. एक टोक पत्र्याचे. पत्र्यात साठवण जवळपास शून्य. ऊन पडले की दहा मिनिटांत तो तापतो आणि सूर्य मावळला की तितक्याच लवकर निवतो. रात्रीसाठी ते बरे, दिवसासाठी ते भट्टी. दुसरे टोक उघड्या स्लॅबचे. चार-पाच इंची काँक्रीट ओलांडायला उष्णतेला तीनेक तास लागतात, म्हणजे दुपारी एकचे ऊन चार-साडेचारला खोलीत उतरते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहते. साठवण म्हणून हा सर्वांत वाईट मेळ आहे: लाट अडवण्याइतका जाड नाही आणि पटकन निवण्याइतका पातळ नाही.

यातून निघणारा निष्कर्ष पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल, पण तो आत्ताच सांगतो. वजन भिंतींत आणि जमिनीत ठेवा, डोक्यावर ठेवू नका. भिंत दगडाची किंवा मातीची असेल तर आरपार दगड आणि दारावरच्या पातळीला सलग काँक्रीटचा पट्टा हवाच. भारतीय मानक ब्यूरोने किल्लारीच्या वर्षीच काढलेली १३८२७ आणि १३८२८ क्रमांकाची मानके अशाच मातीच्या आणि कमजोर दगडी बांधकामासाठी आहेत, ती गवंड्याला माहीत असली पाहिजेत. छत हलके असावे किंवा स्लॅबच असेल तर त्याला ऊन लागू देऊ नये. स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर कोबा आणि पांढरी चायना मोझॅक, किंवा अगदीच पैसे नसतील तर दरवर्षी होळीच्या सुमारास चुन्याचे दोन हात. ताजा पांढरा चुना बहुतेक ऊन परत पाठवतो, राखाडी काँक्रीट बहुतेक ऊन पोटात घेते. धूळ बसली की चुन्याचे काम कमी होते, म्हणून दरवर्षी.

रोधक थर छताच्या वरून घालायचा की खालून, यावर एक अख्खे प्रकरण खर्च केले आहे, कारण इथे सर्रास चूक होते. खोलीत पीओपीचे किंवा थर्माकोलचे खोटे छत लावले की वरची धग कमी लागते हे खरे. पण त्याच वेळी स्लॅबचे सगळे वजन खोलीपासून तोडले जाते आणि ते गारवा साठवायला कामी येत नाही. थर वरून घातला तर तोच स्लॅब सावलीत राहतो आणि भिंतींसारखा दुपारची उष्णता शोषू लागतो. साहित्य तेच, जागा बदलली की त्याचा गुण बदलतो. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतींबाबतही लोक गोंधळतात. हे ब्लॉक बाहेरची उष्णता चांगली अडवतात, पण त्यांच्या पोटात फारसे काही मावत नाही. संध्याकाळी एसी लावून झोपणाऱ्या शहरातल्या खोलीला ते सोयीचे. पंख्यावर दिवस काढणाऱ्या घराला आतून एक थर जड विटेचा किंवा दगडाचा मिळाला तर बरे.

केंद्र सरकारच्या इको निवास संहितेने २०१८ पासून घरांच्या छतातून आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा घातल्या आहेत. ते पाऊल चांगले आहे. पण त्या मर्यादा मुख्यतः अडवण्याच्या आहेत. साठवण कुठे आणि किती असावी याचे मोजमाप त्यांत जवळपास नाही आणि आपल्यासारख्या, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर असलेल्या कोरड्या भागाचे त्यामुळे नुकसान होते.

आता रिकामे करण्याचा प्रश्न. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पहाटे तो पंचविशीच्या आसपास उतरतो. या पंधरा अंशांच्या फरकावर सगळा खेळ आहे. वर हिशेब केलेल्या भिंती रात्रीच्या हवेने तीन अंश निववायच्या, हवा भिंतीपेक्षा चार अंशांनी थंड आहे असे धरायचे, तर आठ तासांत तासाला सुमारे ४०० घनमीटर हवा खोलीतून गेली पाहिजे. म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला बारा वेळा बदलायची. वारा असेल आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असतील तर हे आपोआप होते. नसेल तर बारा इंची एक्झॉस्ट पंखा हे काम आरामात करतो आणि त्याची वीज एसीच्या मानाने अगदी थोडी.

अडचण विज्ञानात नाही, खिडकीत आहे. रात्री खिडकी उघडी ठेवायला लोक घाबरतात, कारण चोर, डास, साप आणि विंचू. त्यामुळे ज्या आठ तासांत घर निवायचे, त्याच आठ तासांत ते बंद असते. सकाळी आठला, ऊन चढू लागताना, हवा खेळावी म्हणून खिडक्या उघडल्या जातात आणि रात्री जो थोडाफार गारवा जमला असेल तो निघून जातो. वेळापत्रक नेमके उलटे. पक्के गज, बारीक जाळी, भिंतीत छताखाली ठेवलेली झाकणाची भोके आणि सकाळी सगळे बंद करून पडदे ओढायची सवय, एवढ्या गोष्टी जमल्या तर महागातले महाग साठवण साहित्य जे देईल त्याच्या बरोबरीचे बरेच काही पदरात पडते. या पुस्तकातले सर्वांत स्वस्त प्रकरण हेच आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचेही.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. साठवण म्हणून घरात वापरता येणाऱ्या साध्या पदार्थांत पाण्याची बरोबरी कुणी करत नाही. आकारमानाला आकारमान घेतले तर ते काळ्या दगडाच्या पावणेदोनपट उष्णता ठेवते. आपल्याच मराठवाड्यात त्याचे देखणे उदाहरण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात जो मोठा हौद आहे, त्याचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. डोंगराकडून नळांनी आणलेले पाणी डोक्यावरून वाहते आणि भर उन्हाळ्यात ते दालन गार राहते. विसाव्या शतकात हॅरल्ड हे या अमेरिकी संशोधकाने छतावर पाण्याच्या पिशव्या ठेवून त्यांवर सरकते रोधक झाकण बसवले. उन्हाळ्यात दिवसा झाकण बंद, रात्री उघडे. पाणी आकाशाकडे उष्णता टाकते आणि दिवसा खोलीची उष्णता घेते. त्याचे घर १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲटास्काडेरो गावी उभे राहिले. पण कल्पना त्याला १९५० च्या दशकात भारतात घरबांधणीच्या कामावर असताना, इथली पत्र्याची घरे पाहताना सुचली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

चौसाळ्यासाठी यातले काय घ्यायचे? छतावर उघडे पाणी तर मुळीच नाही. ज्या भागात टँकर येतो तिथे बाष्पीभवनाने उडणारे पाणी परवडत नाही, आणि वजनाचा इशारा वर दिलाच आहे. इथे एक फरक नीट समजून घ्यावा. माठ, वाळ्याचा पडदा आणि घरोघरचा कूलर ही साठवण नव्हे. ती पाणी उडवून गारवा मिळवते आणि रोज नवे पाणी मागते. साठवणीतले पाणी बंदिस्त असते, तेच वर्षानुवर्षे चालते. घराखालची सिमेंटची टाकी हे असे पाणी आहे. ती सावलीत, जमिनीत आणि घराला लागून असेल तर तिचा उपयोग करून घेण्याच्या दोन पद्धती आत दिल्या आहेत. स्लॅबवरची काळी प्लास्टिकची टाकी मात्र नेमकी उलटी साठवण आहे, हे दुपारी नळाखाली हात धरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

बदलत्या अवस्थेचे पदार्थ, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळून उष्णता गिळणारे आणि गोठताना परत देणारे पदार्थ, हे आजच्या संशोधनाचे लाडके क्षेत्र आहे. त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. १९४८ मध्ये मारिया टेल्केस या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत डोव्हर गावी, वास्तुरचनाकार एलिनॉर रेमंड आणि खर्च उचलणाऱ्या अमेलिया पीबडी यांच्यासह एक घर उभारले. हिवाळ्यात ते केवळ सूर्याच्या उष्णतेवर चालावे म्हणून त्यात ग्लॉबर क्षाराचे डबे रचले होते. हा क्षार ३२.४ अंशांना वितळतो. पहिले दोन हिवाळे घर उबदार राहिले. नंतर वितळण्या-गोठण्याच्या फेऱ्यांत क्षार आणि पाणी डब्यातच वेगळे होऊन थर बसू लागले आणि साठवण मंदावली. सात दशकांनंतर हा दोष पुष्कळ आटोक्यात आला आहे, पण संपलेला नाही. पॅराफिनला हा दोष नाही. मात्र ते पेटते, आणि उष्णता वाहून नेण्यात ते काँक्रीटच्या कितीतरी मागे आहे, त्यामुळे आतले मेण वितळायच्या आत दुपार संपून जाते.

आपल्याकडे त्याहून मोठी अडचण तापमानाची आहे. युरोपात विकले जाणारे पुष्कळ पदार्थ २२ ते २६ अंशांना वितळतात. आपल्या मे महिन्यातल्या रात्री हवा २६ च्या खाली गेलीच नाही, तर तो पदार्थ गोठणारच नाही. सकाळी तो द्रवच असेल आणि दिवसभर भिंतीत निष्क्रिय पडून राहील. उष्णतेच्या लाटेत, ज्या दिवसांत त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवसांत तो कामावर नसतो. २९ अंशांच्या जवळ वितळणारा कॅल्शियम क्लोराइडचा क्षार आपल्याला जास्त जुळतो. पंख्याखाली २९-३० अंशांत इथला माणूस स्वस्थ बसू शकतो. पण हा क्षार लोखंड खातो, डबा चांगला हवा. पत्र्याच्या शाळाखोलीत, जिथे जड भिंत बांधणे शक्य नाही, तिथे हा मार्ग आजमावण्यासारखा आहे. घरासाठी मी आज तो सुचवणार नाही.

बर्फाबाबत माझे मत वेगळे आहे. चौसाळ्यासारख्या गावात बर्फाच्या साठवणीची ओळख आधीच झाली आहे, फक्त त्या नावाने नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवायचा जो खास फ्रिज असतो त्याच्या भिंतींत पाणी गोठवलेले असते. दिवसातले आठ तास वीज मिळाली तरी तो लसींना २ ते ८ अंशांत ठेवतो. भारनियमनाच्या काळात लसीकरण टिकले त्यात या फ्रिजचा वाटा मोठा आहे. त्याच तत्त्वावर पुण्यात काम करणाऱ्या प्रोमिथियन कंपनीने खेड्यातले दूध गार करणारी यंत्रणा तयार केली आणि पुण्याच्याच इकोझेनने सौर विजेवर चालणारी शीतखोली. दिवसा वीज असताना गारवा साठवायचा, रात्री तो वापरायचा. भौगोलिक मानांकन मिळालेली बीडची सीताफळे चार दिवसांत पिकून मऊ होतात. त्यांच्यासाठी अशा खोलीचा विचार गावपातळीवर व्हायला हवा.

मोठ्या शहरी इमारतींत बर्फ रात्री बनवत, कारण रात्रीची वीज स्वस्त. आता छताछतांवर सौर पट्ट्या येत आहेत, दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी तिची टंचाई. त्यामुळे बर्फ दुपारी बनवून संध्याकाळी वितळवण्याचे दिवस येत आहेत. सौर वीज बॅटरीत ठेवून रात्री एसी चालवण्यापेक्षा दुपारीच गारवा करून ठेवणे दवाखाना, मंगल कार्यालय किंवा बँकेच्या इमारतीला अनेकदा स्वस्त पडेल. दहा बाय बाराच्या खोलीला नाही. तिथे सौर पट्ट्यांचा खरा फायदा म्हणजे त्या स्लॅबवर सावली धरतात.

वर्षभराची साठवण आणि रासायनिक साठवण यांना पुस्तकात थोडीच पाने दिली आहेत. कॅनडातल्या ओकोटोक्स गावी ५२ घरांची वसाहत उन्हाळ्यातली उष्णता जमिनीतल्या १४४ विंधन छिद्रांत भरून हिवाळ्यात वापरत होती. २००७ मध्ये सुरू झालेला तो प्रयोग २०२४ मध्ये, यंत्रणा थकल्यावर, आवरता घेतला गेला. म्युनिकमध्ये एका शाळेला सात टन झिओलाइट नावाचे खनिज वाळवून आणि भिजवून ऊब दिली गेली. दोन्ही कामे थोर आहेत, पण दोन्हींचा प्रश्न हिवाळ्यातल्या उबेचा आहे आणि ओकोटोक्सचा तर सहा महिन्यांचा. आपला प्रश्न बारा तासांचा. दुपारपासून पहाटेपर्यंत पोहोचलो की आपले काम झाले.

हिवाळ्याचा एक धागा मात्र आपलाही आहे. छतावरचा सौर बंब ही महाराष्ट्रात चांगलीच पसरलेली उष्णतेची साठवण. शंभर लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर नेले की साडेचार युनिटांहून जास्त उष्णता टाकीत जमा होते. आपल्या बोअरचे पाणी क्षाराचे असल्याने नळ्यांत थर बसतो. तो केव्हा आणि कसा काढायचा हे न सांगताच बंब विकला जातो, म्हणून त्याची पूर्ण कृती आत दिली आहे.

शेवटी, हे पुस्तक ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले त्यांच्याबद्दल. बीड जिल्ह्यातली लाखो माणसे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. सहा महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत राहतात आणि परत येतात ती ऐन मार्च-एप्रिलमध्ये. त्यांच्या वाट्याला स्वतःच्या पक्क्या घराचे जे महिने येतात, त्यांची सुरुवातच सर्वांत तापलेल्या महिन्यांनी होते. मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले तर त्याच घरात वर्षभर असतात. त्यांच्यातल्या अनेकांची घरकुले प्रधानमंत्री आवास योजनेतली, २५ चौरस मीटरची, आणि हाती येणारा पैसा मोजका. एवढ्या पैशात मेण, क्षार, बर्फ काही बसत नाही. पण भिंत कोणत्या बाजूला जड ठेवायची, खिडक्या समोरासमोर कुठे काढायच्या, छताखाली हवेची भोके किती आणि स्लॅबवर पांढरे काय घालायचे, हे निर्णय त्याच पैशात बसतात. एकदा चुकले तर ते चाळीस वर्षे भोगावे लागतात.

तेव्हा विनंती एकच. पाया खणण्याआधी आणि स्लॅबचे सेंटरिंग लागण्याआधी, अशा दोन वेळा गवंड्याला आणि घरातल्या बाईला सोबत घेऊन बसा, कारण दुपारभर त्या घरात चुलीपाशी तीच असते. छत, भिंत आणि रात्रीची हवा ही पहिली तीन प्रकरणे मोठ्याने वाचा. बाकीची प्रकरणे घर उभे राहिल्यावर वाचली तरी चालतील.